खटका

सुकती साडेपाचला लागली.
सायकल बांधाला टेकवली, थर्मास काढला,
दुर्बिणीच्या काचेवरचं मीठ टॉवेलनं पुसलं.
मार्च इथे अजून पुरता उजाडलेला नसतो,
गेउम नदीच्या मुखाशी वारा असा
की कानाच्या पाळ्या जागेवर आहेत ना, चाचपून बघावं.

ग्वाक बुन-रे माझ्याआधीच चिखलात उतरलेली,
गुडघाभर. पाटीची दोरी कमरेला.
"आले का तुझे पाव्हणे?" मान वर न करता.
"काल नव्हते."
"तिसऱ्या काल होत्या," ती म्हणाली,
आणि फावडं रोवलं.

माझ्या मुठीत मोजायचं यंत्र असतं, कचेरीनं दिलेलं.
एक पक्षी, एक खटका.
दिवसाचे पैसे मिळतात, जेवण आपलं आपण.

आधी ते दिसतच नाहीत. आधी
दक्षिणेच्या धुक्याला एक सुरकुती पडते.
मग ती सुरकुती हलते.
पाणटिवळे.
आठ दिवस, आठ रात्री कुठेही न टेकता,
खाली सगळा समुद्र आणि प्यायला थेंब नाही,
आतडी आखडून, स्वतःचंच मांस जाळत.
उतरतात तेही दिमाखानं नाही:
पाय सोडतात आणि जवळजवळ पडतात.
एक तर चोच चिखलात रोवून तसाच राहिला,
काठीवर भार टाकलेल्या म्हाताऱ्यासारखा.
काही खाईना.

खट. खट. खट.

वीस वर्षांपूर्वी मी इथून दक्षिणेला ट्रक चालवायचो.
डोंगर फोडायचा, दगड भरायचा, समुद्रात ओतायचा.
दिवसाला अकरा खेपा. मोजणी तेव्हाही होती:
खेपेला एक पत्र्याचा बिल्ला,
संध्याकाळी बिल्ल्यांवर पैसे.
शेवटची फट बुजली त्या दिवशी
प्रत्येकाला डुकराचं मटण आणि एक टॉवेल.
टॉवेल चांगला निघाला. हाच तो.

पुढच्या वसंतात भरती आत आलीच नाही.
चिखल भेगाळला, तिसऱ्या उन्हात तोंडं वासून पडल्या,
आणि वर हे, गिरक्या घेत, उतरायला जागा शोधत.
मी पाहिलं नाही. मी तेव्हा दुसऱ्या खाणीवर होतो.
बुन-रेनं पाहिलं. तिचं घर तिकडे होतं.
भरपाई घेऊन ती या गावात आली
आणि त्यावर एकदाच बोलली:
"त्यांना कुणी कळवलं नव्हतं."

यंदा यंत्र बिघडलंय. खारी हवा.
मधूनच एका दाबाला दोन आकडे सरकतात.
आज दाखवतंय तीन हजार चारशे बारा.
खरे किती? तीन हजार? त्याहून कमी?
पेन्सिल हातात घेऊन बराच वेळ बसलो.
वाटलं, राहू दे. कुणाचं काय जातंय,
कागदावर तरी चारशे जास्त उतरू देत,
कागदावर जागा आहे.
मग आठवलं, मुकादमाला चहा पाजला
की अकरा खेपांचे बारा बिल्ले व्हायचे.

यंत्र खिशात टाकलं. बोटांवर, मोठ्यांदा,
पहिल्यापासून.
पाणी चढत होतं, आणि पाण्याच्या पुढे पुढे
ते आमच्याकडे सरकत होते, चिखलाची एकेक पट्टी सोडत.
बुन-रे वर आली. पाटी अर्धीच.
हातमोजे पिळले, माझा चहा न विचारता घेतला.
"डावीकडचे मी मोजते," म्हणाली.
ती तिसऱ्यांसारखेच मोजते, पाच-पाचानं,
ओठ न हलवता.

दोनशे चाळीस, दोनशे एक्केचाळीस,
तिनं माझ्या गुडघ्यावर थाप मारली. ओली.
"तो बघ, तुझा काठीवाला."
त्यानं चोच उपसली होती. टोकाला काहीतरी लांब,
वळवळणारं.
"खातोय," ती म्हणाली.

मी कितीवर होतो, विसरलो.